जुनी पोर्शे बॉक्स्टर घ्यायची आहे : तपासणीत नेमकं काय काय बघू?

रेवती_सातपूर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नाशिकला सातपूर एमआयडीसीत वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं. मी नववीत असताना मुंबईहून शिर्डीला निघालेले एक गृहस्थ आमच्याकडे थांबले. त्यांच्या दोन सीटच्या उघड्या गाडीचा कसलासा बुश झिजला होता आणि कुणीतरी त्यांना बाबांचं नाव सांगितलं होतं. बाबांनी दोन तासांत लेथवर तो काढून दिला. तेवढ्यात त्या गृहस्थांनी मला एक चक्कर मारून आणली. इंजिन पुढे नव्हतंच, पाठीमागे अगदी खांद्यापाशी गुरगुरत होतं. गाडी कोणती ते तेव्हा कळलं नाही, पण तो आवाज डोक्यातून गेला नाही.

आता वर्कशॉप मी चालवते. मुलगा शिकायला बाहेर गेला, मशीनचं कर्ज फिटलं. मुंबईच्या एका डीलरकडे पोर्शे बॉक्स्टर बघून आले. २०१३ची नोंदणी, ९८१ पिढी, २.७ लिटर, पीडीके म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पांढरी, मीटरवर २४,८००. डीलर म्हणतो सगळी तपासणी झालीय, टायरसुद्धा मूळचेच आहेत. टोकन अजून दिलेलं नाही.

लेथचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय का ते मी सांगू शकते, पण या गाडीतलं मला काही कळत नाही. या गाड्यांत नेहमी काय बिघडतं, आरटीओच्या तपासणीत काय अडतं आणि बघायला जाताना काय सोबत न्यावं, ते सांगा.

पेठरोडकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

ताई, आधी कागदाचं बोलतो, कारण गाडीच्या प्रेमात लोक कागद विसरतात.

२०१३ची नोंदणी म्हणजे आरसी २०२८पर्यंत. पंधरा वर्षं झाली की फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. १ एप्रिल २०२२पासून त्याची फी साध्या मोटारीला ५,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीला ४०,०००. वीस वर्षं ओलांडलेल्या आयात गाडीला २०२५च्या ऑगस्टपासून ८०,०००. बॉक्स्टर पूर्ण बनून बाहेरून येते, तेव्हा हा खर्च आजच वहीत लिहून ठेवा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ३५. आरसीवर बँकेचं नाव दिसलं तर ते उतरल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

तपासणीत स्पोर्ट्स कार इंजिनावरून क्वचित अडतात. अडतात त्या मालकाने केलेल्या हौसेवरून. काचांना काळी फिल्म, ओरडणारा सायलेन्सर, निळसर दिवे, फॅन्सी नंबर प्लेट. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही.

काटकसर_काका | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

घेऊच नका. बारा वर्षांची जर्मन गाडी म्हणजे दुसऱ्याने खाऊन उरवलेलं ताट. त्याच पैशात नवी कोरी, वॉरंटीची, पाच माणसं बसतील अशी गाडी येते. दोन सीटच्या गाडीत सासूबाईंना त्र्यंबकला कसं नेणार?

गोदाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

काका, सासूबाईंसाठी त्यांच्याकडे दुसरी गाडी असेलच की. प्रश्न 'घेऊ का' असा नाहीये, 'काय बघू' असा आहे.

अंबडचा_फिटर | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ताई, वीस वर्षं इंपोर्टेड गाड्यांच्या खाली झोपून काढली, आता अंबडला स्वतःचं छोटं शेड आहे. नीट लिहितो, निवांत वाचा.

बॉक्स्टरचं इंजिन वरून दिसतच नाही. बॉनेट उघडलं तर डिकी, मागचं झाकण उघडलं तरी डिकी. मागे फक्त ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं दिसतात. ऑइल मोजायची पट्टी नाही, लेव्हल मीटरच्या स्क्रीनवर बघायची. म्हणून लोक पॉलिश बघून गाडी घेतात. लिफ्टवर चढवल्याशिवाय, खालची प्लास्टिकची पत्री काढल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

पहिली गोष्ट रेडिएटर. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या जाळ्यांमागे रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. त्या जाळ्या म्हणजे पाला गोळा करायची सुपलीच. आपल्याकडे रेन ट्रीची बारीक पानं भरपूर, जाळीतून आत जातात, पावसात भिजतात, कुजतात आणि ॲल्युमिनियम खातात. मग एसी गार होत नाही आणि घाटात तापमान चढतं. टॉर्च लावून आत बघा. ओल्या पानांचा थर दिसला तर समजा की या गाडीचा बंपर आजवर कुणी उघडलेला नाही.

दुसरी, छपराचं पाणी. कापडी छप्पर जिथे दुमडून बसतं तिथे दोन्ही बाजूंना पाणी जायच्या नळ्या असतात. त्या तुंबल्या की पाणी आत सीटखाली. जुन्या पिढ्यांत तर अलार्म आणि किल्लीचं कंट्रोल युनिट सीटखालीच असायचं. ते भिजलं की गाडी मालकालाच ओळखेना. छप्पर अर्धं उघडून थांबवा, अर्धी बाटली पाणी हळू ओता आणि मागच्या चाकाच्या पुढे खाली पाणी पडतंय का बघा. पडलं नाही तर कार्पेटखाली हात घाला, नंतर हाताचा वास घ्या.

तिसरी, टायर. त्यांच्या बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. डीलर मूळचे म्हणतो ना, तर १२ किंवा १३ने संपणारा आकडा दिसला पाहिजे. आणि मूळचे निघाले तरी आनंद नाही, इतक्या वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. आतली कड हात घालून चाचपा. या गाड्यांच्या चाकांना आतल्या बाजूला झुकाव दिलेला असतो, त्यामुळे बाहेरून नक्षी छान आणि आतून तारा निघालेल्या, असं मी कितीदा बघितलंय. पुढे-मागे माप वेगळं असल्यामुळे टायर अदलाबदलही करता येत नाहीत.

बाकी पाण्याचा पंप, इंजिनाचं माउंटिंग, इग्निशन कॉइलना गेलेले तडे, हे वयाचे आजार. पैसे लागतील, पण गाडी संपत नाही. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर तुमच्याकडे आहेच.

एक्स_सिडको | १० नोव्हेंबर, सकाळी ९:०२

बॉक्स्टर म्हटलं की मला एकच आठवतं, आयएमएस बेअरिंग. ते फुटलं की सगळं इंजिन भंगारात. ताई, जपून.

अंबडचा_फिटर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

@एक्स_सिडको, भीती बरोबर, पिढी चुकली. आयएमएस म्हणजे इंजिनातला मधला शाफ्ट, त्याचं बेअरिंग. १९९६पासूनची पहिली बॉक्स्टर, पोर्शेच्याच ९११ गाडीची त्या काळातली ९९६ पिढी आणि त्यानंतरच्या २००८पर्यंतच्या गाड्या, त्यांच्या इंजिनांत तो होता. २००९च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा शाफ्टच काढून टाकला. ताईंची ९८१ त्यानंतरची. तिथे हे बेअरिंगच नाही तर फुटणार काय?

सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायचा आजारही जुन्या इंजिनांत जास्त, विशेषतः पहिल्या केमनच्या, म्हणजे बॉक्स्टरच्या पक्क्या छपराच्या बहिणीच्या, ३.४ लिटरमध्ये. नव्यात कमी, पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. प्लग काढून कॅमेऱ्याने आत बघायचं, शंका ठेवायची नाही.

रेवती_सातपूर | १० नोव्हेंबर, दुपारी १:३०

फिटरदादा, जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचलं. पाण्याची बाटली, टॉर्च आणि व्हर्नियर पिशवीत टाकली.

काका, तुमचं म्हणणं समजतं. पण नवी पाच सीटची गाडी मला नकोय. बाबा गेल्या वर्षी गेले. शेवटच्या दिवसांतही ते त्या बुशची गोष्ट सांगायचे, की त्या माणसाने पैसे तर दिलेच, वर शिर्डीहून परत जाताना पेढे घेऊन आला. मला ती गाडी हवीय आणि ती नीट बघून घ्यायचीय.

काटकसर_काका | १० नोव्हेंबर, दुपारी २:०५

असं आहे होय. मग घ्या, पण फसू नका. माझा विरोध मागे.

बर्मिंगहॅमकर | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२२

मूळ पंचवटीचा, आता इंग्लंडात. इथे तीन वर्षांनंतर गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी असते आणि निकाल मीटरच्या आकड्यासकट ऑनलाइन फुकट दिसतो. जुनी गाडी बघायला निघायच्या आधी मी तो इतिहास वाचतो. जुन्या बॉक्स्टर आणि ९११ बहुतेक त्याच त्याच गोष्टींवर नापास होतात. टायरची आतली कड, मोडलेली कॉइल स्प्रिंग, गंजलेले ब्रेक पाइप, सस्पेन्शनचे सैल बुश. स्प्रिंग आणि पाइप जातात ते इथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने. नाशकात मीठ नाही, पण खड्डे आहेत, तेव्हा बुश तिथेही बघाच.

एमओटीच्या निकालात 'नापास' वेगळं आणि 'लक्ष ठेवा' वेगळं लिहितात. मी दुसरं जास्त वाचतो. तीन वर्षं सलग 'टायर आतून झिजतोय' असं लिहिलेलं असेल तर मालकाने अलाइनमेंट कधी केलीच नाही हे कळतं. तुमच्याकडे असा सलग इतिहास मिळत नाही, म्हणून ताई, प्रत्येक पावती मागा. पावती म्हणजे मीटरचा साक्षीदार.

गोदाकाठ | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

पावतीवरून आठवलं, पुरातली गाडी कशी ओळखायची तेही कुणीतरी लिहा. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ला किती गाड्या बुडाल्या. आपल्याकडे २०१९च्या पुरात गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली तेव्हा आमच्या गल्लीतल्या चार गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या दोन महिनाभरात धुऊन-पुसून विकल्या गेल्या.

पेठरोडकर | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३२

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, अगदी शेवटपर्यंत. रोज वापरतो तेवढा भाग लोक धुतात, आत गुंडाळलेला विसरतात. तिथे चिखलाची रेघ असते. सीटखालचे रूळ आणि स्क्रू गंजलेत का तेही बघा.

निफाडकर | १० नोव्हेंबर, रात्री ८:४५

आमच्याकडे डिसेंबरात पहाटे पारा असा उतरतो की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. उन्हाळी रबराचे रुंद टायर अशा थंडीत कडक होतात. माझ्या मामेभावाची अशीच दोन सीटर आहे, कंपनी सांगत नाही. सकाळी गेटमधून वळवताना पुढची चाकं थरथरत उड्या मारतात. तो घाबरून गॅरेजला गेला, तिथे त्याला स्टिअरिंगचा मोठा खर्च सांगितला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने नुसते टायर गरम होऊ दिले आणि म्हणाला, आता वळव. थरथर गायब. तेव्हा थंडीत नुसतं असं झालं तर घाबरू नका.

आणि ताई, गाडी आली की एकदा निफाडला आणा. बांधावरून ट्रॅक्टर बाजूला घेऊन वाट देतो.

मखमलाबाद_वाली | १० नोव्हेंबर, रात्री ९:१५

उंदरांचं कुणीच कसं लिहिलं नाही! आमच्या बंगल्यामागे मळा आहे. सहा महिन्यांत दोनदा वायरिंग कुरतडलं. गाडी आठवड्यातून एकदाच निघणार असेल तर हा पहिला शत्रू.

एक्स_सिडको | १० नोव्हेंबर, रात्री ९:२२

डांबराच्या गोळ्या.

मखमलाबाद_वाली | १० नोव्हेंबर, रात्री ९:२५

उंदरांना काही होत नाही, गाडीत बसल्यावर आपलंच डोकं दुखतं.

निफाडकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:३१

तंबाखूची पानं बांधतात लोक. आमच्याकडे घुशीने पानं खाल्ली नाहीत, पण वायर खाल्ली.

अंबडचा_फिटर | १० नोव्हेंबर, रात्री ९:५०

वासावर भिस्त ठेवू नका. गाडी हलती ठेवा, जवळ धान्य किंवा कुत्र्याचं खाणं ठेवू नका, आत शिरायच्या जागांना बारीक स्टीलची जाळी लावा. उभ्या गाडीची बॅटरीही उतरते, तिला सतत जोडून ठेवायचा छोटा चार्जर मिळतो. व्होल्टेज कमी झालं की या गाड्या भलतेसलते दहा फॉल्ट दाखवतात. माणसं गिअरबॉक्स बदलायला निघतात आणि दोष बॅटरीचा असतो.

समृद्धी_प्रवासी | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

पेट्रोलचं काय? आता सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. २०१३ची गाडी त्यासाठी बनलेली नाही ना?

अंबडचा_फिटर | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:००

बरोबर प्रश्न. त्या वेळच्या गाड्या १० टक्के इथेनॉल धरून बनलेल्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवून महिनोन्महिने गाडी उभी करू नये. इंधनाच्या होज आणि सील दरवर्षी डोळ्यांनी बघायचे, पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गाडी लिफ्टवर.

समृद्धी_प्रवासी | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१८

धन्यवाद. आणि समृद्धीवर नेणार असाल तर टायरची हवा थंड असतानाच तपासा. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून ७०१ किलोमीटर सलग आहे. मर्यादा १२०ची. काँक्रीट, ऊन आणि तासन्तास एकच वेग, यात जुनं रबर फाटतं. या गाडीत स्टेपनी नसते, पंक्चरचं द्रव आणि पंप असतो. बाजू फाटली तर त्या द्रवाचा काही उपयोग नाही.

रेवती_सातपूर | १५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आज जाऊन आले. फिटरदादांनी मुंबईतला ओळखीचा एक मेकॅनिक दिला होता, तो स्कॅनर घेऊन आला. डीलरचा चेहरा तेव्हाच उतरला, पण नाही म्हणाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मागची डिकी आतून कोमट लागत होती. म्हणजे आम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली होती.

टायर चारही ०८१९. मूळचे नाहीतच, २०१९च्या फेब्रुवारीतले. मी डीलरला आकडा दाखवला, तर म्हणाला, "मॅडम, तो बॅच नंबर असतो." मागच्या उजव्या टायरची आतली कड चाचपली आणि हात काळा होऊन बाहेर आला, बोटाला बारीक तार टोचली. बाहेरून बघितलं असतं तर चार मिलिमीटर नक्षी छान दिसत होती.

पाणी ओतलं. डावीकडून लगेच खाली पडलं. उजवीकडे पाच मिनिटं उभी राहिले, एक थेंब नाही. पॅसेंजर सीट डावीकडे आणि ड्रायव्हरची उजवीकडे, म्हणजे सगळं पाणी चालवणाऱ्याच्याच पायाशी जात असणार. कार्पेटखाली हात घातला. वास तोच, पावसाळ्यात बंद खोलीतल्या गादीचा.

स्कॅनरवर फॉल्ट एकही नव्हता. मेकॅनिक म्हणाला, हेच वाईट. स्वतःची तपासणी पूर्ण केल्याच्या ज्या नोंदी गाडी ठेवते, त्यातल्या बहुतेक अपूर्ण होत्या. म्हणजे एक-दोन दिवसांत कुणीतरी फॉल्ट पुसलेत.

आणि इंजिन चाललेले तास १,६४०. मीटर २४,८००. याचा अर्थ काय लावू?

बर्मिंगहॅमकर | १५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

भागाकार करा. तासाला सरासरी १५ किलोमीटर. इथे अशी गाडी बघितली तर मी लगेच परत फिरेन.

समृद्धी_प्रवासी | १५ नोव्हेंबर, रात्री १०:२०

थांबा, घाई नको. गाडी मुंबईची आहे. वांद्र्याहून अंधेरीला संध्याकाळी जाऊन बघा, पंधराची सरासरी लागली तर नशीब. शिवाय एसी लावून ड्रायव्हर खाली उभा असतो, तेही तास मोजले जातात. नुसत्या यावरून मीटर मागे फिरवलंय असं म्हणणं त्या मालकावर अन्याय होईल.

अंबडचा_फिटर | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४८

दोघांचंही पटतं. तास एकटे साक्ष देत नाहीत. पण टायर २०१९चे, फॉल्ट पुसलेले, इंजिन आधी गरम केलेलं, आणि वर हे तास. मला एक सांगा ताई, चालकाच्या बाजूची सीट, स्टिअरिंगचं चामडं आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर कसं होतं? चोवीस हजारांत पॅडल गुळगुळीत होत नाही.

रेवती_सातपूर | १५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

पॅडलवरच्या रेघा उजव्या बाजूने पुसट झाल्यात. स्टिअरिंग चकचकीत. मी म्हटलं, नवीन दिसतंय, तर डीलर म्हणाला, पॉलिश केलंय.

गाडीच्या कागदांच्या पाकिटाचे फोटो काढून आणलेत, उद्या एकेक बघते. आज डोकं चालत नाहीये. खरं सांगते, परत येताना कसारा घाटात रडू आलं. चालवून बघितली ना मी. तोच आवाज होता.

मखमलाबाद_वाली | १५ नोव्हेंबर, रात्री ११:१६

ताई, साहजिक आहे. झोपा आता. गाड्या खूप आहेत.

रेवती_सातपूर | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

सापडलं.

सर्व्हिस बुकच्या प्लास्टिकच्या खिशात एक चौकोनी घडी होती, फोटोत अर्धीच आली होती. सकाळी मेकॅनिकला पाठवून ती उलगडून नीट फोटो मागवला. व्हील अलाइनमेंटचा प्रिंट आहे. वर चार चाकांचे कोन, आधी लाल, नंतर हिरवे. खाली गाडीचा नंबर, तारीख मे २०१९ आणि किलोमीटर ३८,२१४.

टायर फेब्रुवारी २०१९ला बनले, मे महिन्यात चढवले, अलाइनमेंट केली, तेव्हा मीटर ३८,२१४. आज २४,८००. सीटपासून सर्व्हिस बुकपर्यंत सगळं साफ करणाऱ्याच्या हातून ही घडी सुटली.

डीलरला फोन केला. म्हणाला, तो प्रिंट दुसऱ्या गाडीचा असेल. मी नंबर वाचून दाखवला. मग म्हणाला, तीन लाख कमी करतो. मी नको म्हणून सांगितलं.

बर्मिंगहॅमकर | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

समृद्धी_प्रवासी, आता?

समृद्धी_प्रवासी | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:३२

आता काही बोलायला जागाच नाही. शब्द मागे घेतो. ताई, शाबास.

काटकसर_काका | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:००

तीन लाख कमी करतो म्हणाला तिथेच कबुली आली. खरं मीटर पन्नासच्या पुढे असणार. सोळाशे तासांना पन्नास हजार म्हणजे तासाला तीसच्या वर, ते पटण्यासारखं आहे. पण माझं वाक्य मला दुरुस्त करायचंय. वाईट गोष्ट बारा वर्षांच्या गाडीत नाही, लपवण्यात आहे. पन्नास हजार चाललेली म्हणून उघड विकली असती तर कदाचित चांगलीच गाडी होती ती.

अंबडचा_फिटर | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

काका, अगदी हेच. माझ्याकडे एका डॉक्टरांची कूपे येते, कंपनी राहू द्या. नव्वद हजार चाललीय. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, दर पावसाळ्याआधी बंपर काढून रेडिएटर धुणं, पावत्यांची फाइल वीतभर जाड. ती गाडी मी डोळे मिटून घेईन. कमी चाललेली, झाकून उभी ठेवलेली गाडी आतून वाळते. सील कडक होतात, डिस्क गंजतात, कूलंट आंबट होतं. नाशकातल्या लोकांना हे द्राक्षाच्या वेलीवरून सांगावं लागतं का? पाणी-छाटणी बंद केलेली बाग नवी राहत नाही.

एक्स_सिडको | १६ नोव्हेंबर, दुपारी १:०३

पोलिसांत तक्रार करणार का?

पेठरोडकर | १६ नोव्हेंबर, दुपारी १:२५

पैसे दिलेले नाहीत, त्यामुळे ताईंचं नुकसान शून्य. पण फोटो जपून ठेवा. उद्या कुणी ती गाडी घेऊन नाशकात आलं तर त्याला दाखवता येतील. गाडीचा नंबर इथे लिहू नका मात्र, विनंती.

रेवती_सातपूर | १६ नोव्हेंबर, दुपारी १:४०

नाही लिहिणार. फोटो मेकॅनिककडेही आहेत.

गोदाकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ८:१०

ताई, हा धागा मी रोज घरी वाचून दाखवतोय. आमच्या मेहुण्यांची बॉक्स्टर आहे, गंगापूर रोडला. हीच पिढी, २०१४ची, गडद निळी. ते मार्चमध्ये मुलीकडे कॅनडाला जाताहेत, विकायचा विचार होताच. मीटर ४६,०००. फिल्म नाही, सायलेन्सर मूळचा. पावत्या सगळ्या आहेत, कारण ते बँकेत होते आणि चहाची पावतीसुद्धा फाइल करतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. पाण्याचा पंप गळायला लागलाय, गुलाबीसर डाग पडतो खाली. त्यांनी स्वतःच सांगायला सांगितलं.

अंबडचा_फिटर | १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

पंप गळतोय हे स्वतःहून सांगणारा मालक! ताई, ही बघाच. पंप बदलायचे पैसे किमतीतून वजा करून घेऊ. पंपासोबत थर्मोस्टॅटही बदलायचा, तेवढ्यासाठी दोनदा उघडाउघड नको. मी येतो, कॅमेरा आणि स्कॅनर माझे. पैसे नकोत, एक चक्कर द्या.

निफाडकर | १८ नोव्हेंबर, रात्री ८:४१

दुसरी चक्कर माझी.

रेवती_सातपूर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:००

रविवारी जमेल? गोदाकाठ, त्यांना विचारता का?

गोदाकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ९:२५

विचारलं. हो म्हणाले. बहीण म्हणते नाश्त्याला मिसळ करते, सगळे या.

अंबडचा_फिटर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३२

सकाळी सात वाजता, मिसळीच्या आधी. मेहुण्यांना एवढंच सांगा, शनिवारी रात्रीपासून आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात, रात्रभर उभी राहिली की थोडं ऑइल आत उतरतं. पहिल्या स्टार्टला धुराचा एक भपका आला तर चालतो. तो किती वेळ टिकतो आणि आवाज कसा येतो, हे मला थंड इंजिनावरच ऐकायचंय. ताई, तुम्हीही मागे उभ्या राहून ऐका. लेथचं बेअरिंग ऐकता तसं.

गोदाकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

किल्ली बहिणीने आत्ताच देवघरात ठेवली. रविवारी सकाळी सातला तुमच्याच हातात देईल म्हणते.